वाचक विचारतात : पिंपात मुरलेल्या सिगारची पारख

गेल्या अंकात मद्याच्या रिकाम्या पिंपांचे पुढे काय होते, यावर एक छोटे टिपण छापले होते. अशा पिंपांत तंबाखू मुरवून तिचे सिगार वळले जातात, एवढा एका वाक्याचा उल्लेख त्यात होता. त्या एका वाक्यावर टिपणापेक्षा मोठी पत्रे आली, म्हणून या वेळचे सदर त्याच विषयाला दिले आहे. उत्तरांत काही सिगारांची नावे उदाहरणादाखल आली आहेत. ती शिफारस समजू नये. २००३ च्या तंबाखूविषयक कायद्याने जाहिरातीस बंदी असल्यामुळे आणि आमचा तसा हेतूही नसल्यामुळे दुकाने व किमती यांविषयीच्या प्रश्नांना येथे उत्तर दिलेले नाही. मजकूर प्रौढ वाचकांसाठी आहे.

प्रश्न : अमेरिकेत राहणाऱ्या माझ्या धाकट्या भावाने येताना बर्बनच्या, म्हणजे एका प्रकारच्या अमेरिकी व्हिस्कीच्या, पिंपात मुरवलेल्या तंबाखूचे काही सिगार आणले. डब्यावर बर्बनचा उल्लेख इतका ठळक होता, की पहिल्या झुरक्यालाच त्या मद्याची चव येईल असे मला वाटले. प्रत्यक्षात लाकूड, कोको आणि थोडासा गोडवा एवढेच जाणवले. सिगार अस्सल नाही, की माझ्या जिभेत खोट आहे? अशा सिगारची पारख नेमकी कशी करावी?
— एक वाचक, पुणे

उत्तर : आपल्या जिभेत खोट नाही, आणि एवढ्यावरून सिगारही बनावट ठरत नाही. पिंपात मुरलेल्या सिगारला मद्याची चव यावी, ही अपेक्षा डब्यावरच्या अक्षरांनी निर्माण केलेली असते. अमेरिकेतील नियमानुसार बर्बन हे आतून जाळलेल्या, कोऱ्या ओकच्या भांड्यातच मुरवावे लागते. त्यामुळे एकदा वापरलेले पिंप पुन्हा बर्बनसाठी चालत नाही, आणि साधारण २०० लिटरची ही पिंपे अमेरिकेतल्या केंटकी राज्यातून स्कॉटलंडपासून निकाराग्वापर्यंत विकली जातात. मद्य काढून घेतल्यावरही फळ्यांत मुरलेला ओलावा शिल्लक राहतो हे खरे. परंतु माझ्या मते तंबाखूच्या पानाला मद्यापेक्षा त्या भाजलेल्या लाकडाकडूनच अधिक मिळते. ओक भाजला जातो तेव्हा त्यातील लिग्निन या घटकापासून व्हॅनिलाचा वास देणारे व्हॅनिलिन सुटते, लॅक्टोन वर्गातील संयुगे सुक्या खोबऱ्याचा वास देतात, लवंगेला लवंगपणा देणारे युजेनॉल ओकमध्येही असते, आणि धुरकटपणा ग्वायकॉलमुळे येतो. वाळ्याची जुडी ठेवलेल्या कपाटातील साडीला वाळ्याचा वास लागतो, म्हणून ती साडी वाळ्याची होत नाही. तंबाखूचेही तसेच आहे. तेव्हा आपल्याला जे लाकूड आणि जो गोडवा जाणवला, तेच बहुधा पिंपाचे देणे होते.

पारख करण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात : सिगारमधले कोणते पान पिंपात होते, किती काळ होते, आणि पिंपात त्याआधी काय होते. सिगारमध्ये तीन थर असतात. बाहेरचे देखणे पान म्हणजे रॅपर, त्याच्या आत सगळे घट्ट धरून ठेवणारा बाइंडर, आणि पोटात भरलेली लांब पाने म्हणजे फिलर. निकाराग्वातील एस्तेली येथल्या पेर्दोमो कारखान्याच्या ‘डबल एज्ड’ सिगारची पाने आधी १० वर्षे गाठोड्यांत आणि नंतर २ वर्षे बर्बनच्या पिंपांत ठेवल्याचे कारखाना सांगतो. कामाचोच्या ‘अमेरिकन बॅरल-एज्ड’मध्ये होंडुरासचे कोरोहो जातीचे पान तेवढे काही महिने पिंपात असते. ‘डीझल व्हिस्की रो’मध्ये पिंपातून आलेला असतो तो बाइंडर. डेव्हिडॉफच्या ‘विन्स्टन चर्चिल – द लेट अवर’मध्ये फिलरमधले निकाराग्वातल्या कोन्देगा खोऱ्यातले पान सिंगल माल्ट स्कॉच व्हिस्कीच्या पिंपात मुरवलेले असते. हे चारही सिगार ‘बॅरल-एज्ड’ या एकाच विशेषणाखाली विकले जातात, परंतु एकात सगळे पान पिंपातून आलेले आहे आणि दुसऱ्यात चार-पाच पानांपैकी एक. त्यातही स्कॉच व्हिस्कीचे पिंप बहुतेकदा त्याआधी बर्बन किंवा शेरी ही स्पॅनिश वाइन मुरवून झालेले असते. म्हणजे तंबाखूच्या वाट्याला येईपर्यंत त्या लाकडाचा पहिला जोर ओसरलेला असतो. ज्या डब्यावर किंवा कारखान्याच्या माहितीत या तीन प्रश्नांची उत्तरे नसतात, तेथे ‘बॅरल-एज्ड’ या शब्दाला मी काहीही किंमत देत नाही.

आता प्रत्यक्ष पारख. विमानातून आलेला सिगार त्याच दिवशी पेटवू नये. सामानाच्या कप्प्यातील कोरड्या हवेत तो सुकलेला असतो, किंवा पावसाळ्यात आला असेल तर येथे उतरल्यावर भिजलेला असतो. सापेक्ष आर्द्रता ६५ ते ७० टक्क्यांच्या दरम्यान राहील अशा डब्यात त्याला दोन-तीन आठवडे विसावू द्यावे. चाखण्याची वेळ तोंड स्वच्छ असतानाची निवडावी. तिखट जेवणानंतर, पानविड्यानंतर किंवा दात घासल्या घासल्या चाखलेल्या सिगारविषयी कोणीही काहीही सांगितले, तरी ते गंभीरपणे घेण्याचे कारण नाही. सोबत साधे पाणी असावे. बर्बनच्या पिंपातला सिगार बर्बनसोबत ओढण्याची पद्धत अमेरिकेत फार लोकप्रिय आहे, आणि मौज म्हणून तिला माझा आक्षेप नाही; पारख करताना मात्र ती टाळलीच पाहिजे, कारण पेल्यातली व्हॅनिला आणि सिगारमधली व्हॅनिला यांचा हिशेब मग कोणालाच वेगळा करता येत नाही.

पेटवण्यापूर्वीच निम्मी परीक्षा होते. रॅपरचा रंग सर्वत्र सारखा आहे का, शिरा जाड आहेत की बारीक, पानाला किंचित तेलकट तकाकी आहे का, हे उजेडात पाहावे. मग दोन बोटांत धरून टोकापासून टोकापर्यंत हलकेच दाबत जावे. सिगार सगळीकडे सारखाच दबून परत वर आला पाहिजे. मध्येच गाठ लागली तर तेथे धूर अडेल आणि पोकळी लागली तर तेथे सिगार घाईने जळेल, असे समजावे. त्यानंतर नाकाजवळ धरून आधी रॅपरचा आणि मग जे टोक पेटवायचे त्या टोकाचा वास घ्यावा. पिंपाचे काम सर्वांत स्पष्टपणे येथेच कळते, म्हणून येथे घाई करू नये. भाजलेले खोबरे, लवंग, काकवी, ओले लाकूड यांपैकी काय आठवते ते लगेच लिहून ठेवावे. नंतर टोपीकडचे, म्हणजे तोंडात धरायचे बंद टोक, जेथे सिगार निमुळता व्हायला लागतो त्याच्या वरच्या बाजूला, एका झटक्यात कापावे आणि न पेटवताच एक-दोनदा हवा ओढून पाहावी. हवा सहज आली पाहिजे, पण अगदी मोकळी नळीही लागता कामा नये. याच वेळी तोंडात येणारी चव ही कच्च्या पानाची चव असते, आणि पुढच्या सगळ्या नोंदी तिच्याशी ताडून पाहायच्या असतात.

पेटवताना पेट्रोलचा लायटर वापरू नये. काडी वापरायची तर तिचे गंधक पूर्ण जळून जाऊ द्यावे. ज्योत टोकाला न टेकवता थोडी दूर धरून आधी कडा गोलाकार भाजून घ्याव्यात आणि मगच पहिला झुरका घ्यावा. धूर फुप्फुसांत घ्यायचा नसतो. तो तोंडात फिरवून सोडायचा असतो. जिभेला गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी एवढ्याच चवी कळतात. बाकी ज्याला आपण चव म्हणतो ते सगळे नाकाचे काम आहे. म्हणून अनुभवी पारखी तोंडातल्या धुरापैकी थोडासा नाकावाटे बाहेर सोडतात. सुरुवातीला याने डोळ्यांत पाणी येते, आणि येत असेल तर आग्रह धरू नये. मिनिटाला साधारण एक झुरका ही गती पुरे. त्यापेक्षा घाई केली तर निखारा तापतो आणि मग महागातल्या महाग सिगारलाही जळक्या कागदाची चव येते.

सिगारचे मनोमन तीन भाग करावेत आणि प्रत्येक भागाची नोंद स्वतंत्र ठेवावी. जळत्या निखाऱ्याच्या लगेच मागचे पान जळत नसते, ते तापत असते. त्यातले हलके, उडून जाणारे सुगंधी घटक न जळताच धुरासोबत तोंडात येतात, आणि जड घटक पुढच्या पानांवर जाऊन बसतात. त्यामुळे पहिल्या भागात पिंपाकडून आलेली व्हॅनिला, खोबरे आणि गोडवा ठळक लागतो. मधल्या भागात तो मागे सरकतो आणि तंबाखूचे स्वतःचे गुण, म्हणजे मिरी, माती, कोको, भाजलेला दाणा, कातडे, पुढे येतात. शेवटच्या भागात साठलेल्या जड घटकांमुळे कडवटपणा आणि निकोटिनचा जोर वाढतो. माझ्या लेखी खरी परीक्षा येथे असते. चांगल्या मुरलेल्या पानाचा सिगार शेवटच्या भागात जड होतो, पण आंबत नाही आणि अमोनियाचा झणका देत नाही. पान आधीच्या ढिगातल्या आंबवणीत (तिच्याविषयी पुढच्या उत्तरात) नीट तयार झालेले नसेल, तर तो झणका कोणत्याही पिंपाने झाकला जात नाही. तो फार तर पहिल्या दीड-दोन इंचांपुरता लपतो, आणि नेमक्या तेवढ्यावरच मत देणारे लोक पुष्कळ असतात.

जळण्याकडेही लक्ष ठेवावे. निखाऱ्याची रेघ एका बाजूने पुढे पळत असेल, तर वळणाऱ्याने पाने सारखी भरलेली नाहीत, किंवा आपण पेटवताना कड नीट भाजलेली नाही; दुसरे कारण आधी तपासावे. राख किती लांब टिकते यावर लोक पैजा लावतात. लांब राख अखंड पानांची भरणी असल्याची खूण आहे एवढे खरे, चवीबद्दल ती काही सांगत नाही.

राहिला प्रश्न तो पिंपाचा वाटा नेमका किती हे ठरवण्याचा. एकच सिगार ओढून ते ठरत नाही, कारण मादुरो म्हणून ओळखला जाणारा गडद रॅपर पिंपात न जाताही गोड लागतो. त्यासाठी त्याच कारखान्याचा, शक्यतो त्याच जातीच्या रॅपरचा, पण पिंपात न मुरवलेला एक सिगार सोबत घ्यावा. दोन्हींच्या पट्ट्यांवर, म्हणजे नाव छापलेल्या कागदी कड्यांवर, घरातल्या दुसऱ्या कोणाकडून पांढरा कागद चिकटवून घ्यावा आणि दोन वेगळ्या दिवशी, एकाच वेळी, सारख्याच पोटाने ते चाखावेत. पट्टी सुरुवातीलाच ओढून काढू नये, डिंकाने रॅपर फाटतो. दोन्ही नोंदी समोरासमोर ठेवल्यावर जो फरक उरेल तो पिंपाचा म्हणता येईल. अनेकदा तो डब्यावरच्या गाजावाजाच्या मानाने फार थोडा निघतो.

गुण द्यायचे असतील तर मी १०० पैकी २० बांधणीला, २० जळण्याला, ४० चवीला आणि २० चवींच्या तोलाला व मागे रेंगाळणाऱ्या चवीला देतो. पिंपाला स्वतंत्र गुण मी ठेवलेले नाहीत आणि ठेवूही नयेत असे माझे मत आहे. पिंपाने चव वाढली असेल तर ते त्या ४० गुणांत आपोआप उतरते. आणि पिंपाच्या वासाखाली तंबाखूच सापडेनाशी झाली असेल, तर तोलाचे गुण निःसंकोच कापावेत.

प्रश्न : मी नाशिकजवळच्या एका वायनरीत काम करतो. वाइन द्रव असल्याने लाकडाशी तिचा अखंड संपर्क असतो, हे आम्ही रोज पाहतो. पण वाळलेले पान पिंपात ठेवून काय साधणार? हा निव्वळ विक्रीचा डाव तर नव्हे?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : आपली शंका योग्य जागी आहे. पान कोरडे असेल तर फारसे काही साधणार नाही. परंतु पिंपात भरण्याआधी पानांना ओलावा देऊन ती लवचीक केलेली असतात आणि दाबून बसवलेली असतात, त्यामुळे देवाणघेवाण वाफेच्या आणि त्या ओलाव्याच्या मार्फत होते. वाइनशी तुलना केली तर ती मंद आहे आणि पिंपाच्या कडेची पाने व मधली पाने यांच्यात फरक राहतो, म्हणून काळजीपूर्वक काम करणारे कारखाने पाने मध्येच काढून वर-खाली करतात.

येथे दोन क्रिया वेगळ्या ओळखल्या पाहिजेत. सिगारच्या तंबाखूची मुख्य आंबवणी पिंपात होत नाही. पाने खळ्यासारख्या कोठारांत टांगून सहा-आठ आठवडे सावलीत वाळवली, की त्यांचे माणसाच्या उंचीचे ढीग रचले जातात. स्पॅनिशमध्ये या ढिगाला पिलोन म्हणतात. ढिगाच्या पोटात उष्णता तयार होते, अमोनिया बाहेर पडतो, आणि तापमान पन्नास अंश सेल्सिअसच्या आसपास पोचण्याच्या सुमारास ढीग मोडून पुन्हा उलटा रचावा लागतो. हे महिनोन्‌महिने चालते. पिंपाची पायरी यानंतरची, आणि तिला मुरवणे किंवा फार तर रंग चढवणे म्हणावे. लाकडी पिंपातच खरीखुरी आंबवणी होणारी तंबाखू पाहायची असेल तर लुइझियानातील सेंट जेम्स परगण्यात पिकणारी पेरीक पाहावी. ती व्हिस्कीच्या जुन्या पिंपांत भरून वरून स्क्रूच्या दाबाखाली दडपली जाते. हवा न लागता स्वतःच्याच रसात ती साधारण वर्षभर मुरते आणि मधूनमधून पिंप सोडून पाने उलटीपालटी केली जातात. तिला वाळलेल्या अंजिरासारखा आणि मिरीसारखा जो वास येतो, तो लाकडाचा नसून त्या क्रियेचा आहे. पाइपच्या मिश्रणात ती चिमूटभरच घालतात, यावरून तिच्या जोराची कल्पना यावी.

म्हणजे डाव म्हणायचा तर अर्धाच. क्रिया खरी आहे. तिला जाहिरातीत दिलेली जागा तिच्या परिणामापेक्षा मोठी आहे.

प्रश्न : मी मद्य घेत नाही. पिंपात मुरलेल्या सिगारमध्ये मद्य असते का? आणि येथे ‘फ्लेवर्ड’ म्हणून मिळणारे सिगार तेच का?
— एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

उत्तर : दोन्ही वेगळे. फ्लेवर्ड किंवा इन्फ्यूज्ड सिगारमध्ये तंबाखूला अर्क, तेल किंवा सुगंधी द्रव्य मुद्दाम दिलेले असते, आणि पुष्कळदा टोपीला गोडीही लावलेली असते. ओठांना साखर लागली की ओळखावे. पिंपात मुरवलेल्या पानाला वरून काही लावलेले नसते. पान पिंपातून निघाल्यावर पुन्हा हवेवर ठेवले जाते, वळले जाते आणि वळलेले सिगार पुन्हा कोठारात विसावतात. अल्कोहोल इतके सहज उडून जाणारे आहे की एवढ्या वाटचालीत ते टिकून राहावे असे कारण नाही. धार्मिक किंवा व्रताच्या दृष्टीने मद्याचा संपर्कही नको असेल, तर तो निर्णय आपला आहे. त्यात चव पारखणाऱ्याने बोलू नये.

प्रश्न : एका प्रसिद्ध अमेरिकी मासिकाने ज्या सिगारला ९२ गुण दिले, त्याला आम्हा मित्रांच्या चाखणीत ८० च्या वर कोणी गेले नाही. आमचे चुकले की त्यांचे?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : दोघांचेही चुकले नसेल. १९९२ मध्ये सुरू झालेल्या ‘सिगार अफिसियोनाडो’ने वाइनच्या धर्तीवरची १०० गुणांची पट्टी सिगारसाठी रूढ केली. तेथे चाखणी पट्ट्या झाकून होते, आणि रूप व बांधणी, चव, ओढतानाचे वर्तन व एकंदर ठसा असे चार भाग पाहिले जातात. त्यांच्या पट्टीवर ९० ते ९४ म्हणजे उत्कृष्ट, ८० ते ८९ म्हणजे अतिशय चांगला ते उत्तम, आणि ७० च्या खाली म्हणजे वाटेला जाऊ नका. याचा अर्थ असा, की त्या पट्टीच्या वरच्या तीस गुणांतच सगळा खेळ चालतो. आपल्याकडे शाळेत ६० ला प्रथम श्रेणी मिळत आल्याने आपण ७५ गुण कौतुकाने देतो, आणि तेथे तो जवळजवळ नापसंतीचा शेरा ठरतो. आपल्या मित्रमंडळाने आधी पट्टी ठरवावी, दोन परिचित सिगार त्या पट्टीवर बसवावेत आणि मग तिसऱ्याला गुण द्यावेत.

शिवाय सिगार हाताने वळलेला असतो. एकाच डब्यातील दोन नग सारखे निघतीलच असे नाही, म्हणून एका नगावरून दिलेला कोणताही आकडा, मासिकाचा असो वा मित्रमंडळाचा, तात्पुरता समजावा. आपल्या पत्रात चाखणी एका उपाहारगृहाच्या गच्चीवर झाल्याचे लिहिले आहे. सार्वजनिक जागी धूम्रपानास २ ऑक्टोबर २००८ पासून बंदी आहे आणि ठरावीक आकाराच्या हॉटेलांना व उपाहारगृहांना स्वतंत्र धूम्रपान कक्ष ठेवता येतो. गच्ची त्यात बसते का, हे पुढच्या वेळी आधी विचारून घ्यावे. वाऱ्यात सिगार तापून जळतो, हे कमी गुणांचे कारणही असू शकेल.

प्रश्न : आम्ही समुद्राजवळ राहतो. पावसाळ्यात सिगार फुगतात, एकदा तर पानाला बारीक भोके पडली. पिंपातल्या सिगारांना वेगळी काळजी लागते का?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : भोके पडली म्हणजे तंबाखूचा भुंगेरा झाला. त्याची अंडी पानातच असतात आणि उष्णता वाढली की फुटतात, म्हणून तापमान २० अंश सेल्सिअसच्या जवळपास राखणे हा खरा उपाय आहे. ज्या डब्यात भोके दिसली तो डबा बाकीच्यांपासून वेगळा करावा. उरलेले सिगार हवाबंद पिशवीत घालून काही दिवस फ्रीझरमध्ये ठेवावेत आणि नंतर एक दिवस साध्या फ्रिजमध्ये ठेवून मगच बाहेर काढावेत. एकदम बाहेर काढले तर रॅपर तडकतो.

कोकणातल्या पावसाळ्यात आर्द्रता ओलांडून जाते ती वरच्या बाजूला, त्यामुळे ओलावा देणारा स्पंज ठेवून उपयोग नाही. ओलावा घेणारी आणि देणारी अशी दोन्ही कामे करणाऱ्या पुड्या मिळतात. ६५ टक्क्यांची पुडी आणि घट्ट झाकणाचा डबा पावसाळ्यात लाकडी पेटीपेक्षा चांगले काम करतो. फुगलेला सिगार पेटवून मत बनवू नये. तो नीट जळत नाही, ओढताना धूर अडतो आणि चव आंबूस लागते, आणि मग दोष पिंपाला दिला जातो. पिंपातल्या सिगारांसाठी एकच अधिकची सूचना : ते इतर सिगारांबरोबर एकाच डब्यात वर्षभर ठेवू नयेत. वास इकडून तिकडे जातो आणि पुढे कोणत्या सिगारची चव आपण नोंदवतो आहोत हेच कळत नाही. फ्लेवर्ड सिगार तर त्यांच्या आसपासही नकोत.

प्रश्न : सिगारचा धूर आत घेत नाहीत, तेव्हा तो सिगारेटसारखा घातक नसतो, हे खरे ना?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : खरे नाही. सिगारचा धूर अल्कधर्मी असल्याने निकोटिन तोंडाच्या आतल्या त्वचेतूनच रक्तात जाते, आत ओढण्याची गरजच पडत नाही. तोंड, घसा, स्वरयंत्र आणि अन्ननलिका यांच्या कर्करोगाचा धोका धूर आत न घेणाऱ्यांनाही असतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने १९९८ मध्येच सिगारवर स्वतंत्र अहवाल काढून हे मांडले आहे. एका मोठ्या सिगारमध्ये सिगारेटच्या आख्ख्या पाकिटाइतकी तंबाखू असू शकते. पान दहा वर्षे मुरवले आणि दोन वर्षे पिंपात ठेवले, म्हणून यात काडीचाही फरक पडत नाही. जे ओढत नाहीत त्यांनी चव कळावी म्हणून सुरुवात करू नये, आणि जे ओढतात त्यांनी बंद खोलीत, मुलाबाळांसमोर ओढू नये.

प्रश्न : आमच्या निपाणी भागात पिढ्यान्‌पिढ्या तंबाखू होते. अशी पिंपे आणून आमची तंबाखू मुरवली तर सिगारचा माल तयार होईल का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : पिंप आणणे हा यातला सर्वांत सोपा भाग आहे. निपाणी आणि लगतच्या पट्ट्यातली तंबाखू बिडीची आहे. शेंडा खुडून झाडावर मोजकी पाने ठेवायची, फुटवे काढत राहायचे, पान जाड आणि कडक होऊ द्यायचे, उन्हात वाळवायचे आणि मग त्याचा चुरा करायचा, ही सगळी पद्धत बिडीच्या गरजेतून घडलेली आहे. सिगारला नेमके याच्या उलट लागते. रॅपरचे पान पातळ, बारीक शिरांचे, ताणले तरी न फाटणारे आणि अखंड हवे. ते सावलीत टांगून हळूहळू वाळवावे लागते. फिलरसाठीही पान लांबीला अखंडच लागते, चुरा चालत नाही. बिडीचा चुरा पिंपात भरला तर त्याला ओकचा वास लागेल, पण वळायला हातात पानच उरलेले नसेल.

आपल्या देशात सिगारचे पान होतच नाही, असे मात्र समजू नये. तमिळनाडूतील दिंडुक्कल परिसर सिगार आणि चिरुटांच्या तंबाखूसाठी ओळखला जातो, आणि ब्रिटिशकाळात तिरुचिरापल्लीचे चिरूट विलायतेत नावाजलेले होते. केंद्रीय तंबाखू संशोधन संस्थेने सिगारच्या तंबाखूसाठी वेदसंदूर येथे आणि रॅपरच्या पानासाठी पश्चिम बंगालमधील दिनहाटा येथे केंद्रे चालवली. आपल्याला प्रयोगच करायचा असेल तर तेथील बियाणे, आपल्याकडच्या कोरड्या हिवाळ्यात पान तडकू न देणारे वाळवणीचे कोठार, आणि ढिगातली आंबवणी पाहून-पाहून शिकलेला एक माणूस, या क्रमाने जमवाजमव करावी. पहिल्या पिकातले पान आंबवणीनंतर अमोनियाचा वास न देता शेवटपर्यंत जळते का, हे पिंपाशिवाय तपासावे. ते जमल्यावर पिंपाचा खर्च करावा की नाही, हे ठरवता येईल.